कपाळी लिहिलेलं आणि नवसाला बोललेलं

तुळजाभवानीचं दर्शन घेऊन बाहेर पडलेली माणसं मंदिराच्या आवारातच एका गोल दगडापाशी पुन्हा रांग लावतात. चिंतामणी म्हणतात त्याला. दगडावर दोन्ही तळवे अलगद टेकवायचे, मनात प्रश्न धरायचा आणि थांबायचं. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हललाच नाही तर काम होईल पण वेळ लागेल. पोरीचं जमेल का, बोअरला पाणी लागेल का, कोर्टातला निकाल आपल्या बाजूनं जाईल का, असे हे प्रश्न. मोहिमेवर निघण्यापूर्वी शिवाजी महाराज इथेच कौल घेत, असं परंपरा सांगते. मागे उभी असलेली माणसं दगडाकडे कमी आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघत असतात.

एकीकडे हाच समाज म्हणतो की सगळं आधीच लिहिलेलं असतं, ते कुणाला चुकत नाही. तसं असेल तर विचारायचं कशाला, आणि देवीपुढे पदर पसरून मागायचं तरी कशाला? मराठी माणसाला ‘दैववादी’ ठरवून मोकळे होणारे आणि ‘आमची श्रद्धा’ म्हणून विषय संपवणारे, दोघेही या विसंगतीकडे काणाडोळा करतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर या क्षेत्री आणि त्याच्या आसपासच्या मुलखात दैवाविषयी जे बोललं जातं, केलं जातं, त्याचा नीट आढावा घेतला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. नशीब हा शब्द बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर तोंडात येतो. ‘नशिबात नव्हतं’, ‘नशिबानं वाचला’, ‘पोरीनं नशीब काढलं’ ही सगळी भूतकाळातली वाक्यं. पुढच्या दिवसांबद्दल बोलताना तीच माणसं नवस बोलतात, कौल मागतात, मुहूर्त काढतात आणि पेरणीची तयारीही करतात.

सटवाईची रात्र

लिहिलेलं म्हणजे कुणी लिहिलेलं? पंडिताचं उत्तर ब्रह्मदेव, म्हणून ‘विधिलिखित’ आणि ‘ब्रह्मलिखित’. घरातल्या बायकांचं उत्तर वेगळं आहे: सटवाई. बाळ जन्मल्यावर पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडून त्याला हळदकुंकू वाहतात, दिवा रात्रभर जागता ठेवतात आणि जवळ कोरा कागद नि बोरू किंवा पेन ठेवतात. सटवाई रात्री येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. झोपेत बाळ हसलं की सटवाई हसवते, दचकून रडलं की तीच रडवते. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरी घरी आल्यावर पूजा मांडली जाते आणि बोरूच्या जागी बॉलपेन आलं म्हणून कुणाचं काही अडत नाही.

कपाळावरच्या या लिखिताला सटवाईची स्वतःची लेकही अपवाद नाही. इरावती कर्वे यांनी १९५० साली ‘मॅन’ या ब्रिटिश नियतकालिकात एक मराठी लोककथा प्रसिद्ध केली होती. सटवाईची मुलगी आईच्या मागे लागते, माझ्या कपाळी काय लिहिलंस ते सांग. तू पोटच्या पोराशी लग्न करशील, असं उत्तर मिळतं. ते टाळण्यासाठी ती पुरुषाचा वाराही लागणार नाही अशा रानात जाऊन राहते. तरी तिला दिवस जातात, झालेलं मूल ती टाकून देते, ते दुसरीकडे वाढतं आणि पुढे तोच तरुण तिचा नवरा होतो. हे तिला उमगतं तेव्हा ती काय करते? ग्रीक कथेतला इडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो. ही बाई कुणालाही काही न सांगता संसार करत राहते. लिहिलेलं टळलं नाही. पण कळल्यावर त्याचं काय करायचं, हे मात्र तिनंच ठरवलं.

कीर्तनकार हाच प्रश्न शास्त्राच्या भाषेत मांडतात. मागच्या जन्मांची साठवण ते संचित, त्यातलं या जन्मी भोगायला निघालेलं ते प्रारब्ध आणि आज हातून घडतंय ते क्रियमाण. सुटलेला बाण परतत नाही, भात्यातले आणि हातातला अजून आपले आहेत, हा त्यांचा ठरलेला दृष्टांत. गावात इतकी बारीक वाटणी कुणी करत नाही. ‘भोग आहेत, दुसरं काय’ असं म्हणून बाई जात्यावर बसते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रयत्नांतून ग्रामीण महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. बाईचा जन्म, माहेर-सासर आणि वाट्याला आलेलं दुःख हे त्यांतले वारंवार येणारे विषय. मात्र ओवी नुसती सोसत नाही. ती तक्रार करते, नावं घेऊन बोल लावते, प्रसंगी देवालाही सोडत नाही.

बोलणं, पावणं, फेडणं

नवसाचा सगळा शब्दसंग्रह व्यवहाराचा आहे. नवस बोलतात, देवी नवसाला पावते आणि मग नवस फेडावा लागतो. राहून गेला तर घरात काही वाईट घडलं की आधी त्याचीच आठवण निघते. तुळजापुरात हे फेडणं नाना रूपांत दिसतं. कुणी दंडवत घालत येतं, कुणी ओटी भरतं, कुणी देवीच्या नावानं पाच घरी जोगवा मागतं. कवड्यांची माळ गळ्यात, हातात परडी आणि पेटता पोत घेतलेल्या आराधिनी नवरात्रात जागोजाग भेटतात. घरात लग्न झालं की भवानी कुलस्वामिनी असलेल्या घराण्यांत गोंधळ घालावाच लागतो. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीनं गोंधळी रात्रभर उभे राहतात, गावागावच्या देवदेवतांना नावानिशी बोलावतात, मग आख्यान लावतात. नव्या जोडप्याचा संसार सुखाचा व्हावा ही विनंती आहेच. पण गोंधळ घातला नाही तर देवी आठवण करून देईल, हा धाकही आहे.

देवीही काळाच्या नेमात बांधलेली आहे. शारदीय नवरात्रापूर्वी तिची घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. इथली मूर्ती चल असल्यामुळे ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. पालखी येते बुऱ्हाणनगरहून. तिथल्या भगत घराण्याकडे हा मान पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुणी काय आणायचं, कुणी कुठे उभं राहायचं हे जन्मानं ठरलेलं. याला इथे ‘नशीब’ म्हणत नाहीत, ‘मान’ म्हणतात.

इतिहासातला सर्वांत गाजलेला कौल अर्थातच १६५९ चा. अफजलखान चालून आला तेव्हा तुळजापूरच्या भवानीनं राजांना दर्शन देऊन अभय दिलं, असं सभासदाच्या बखरीत येतं. त्याच बखरीत पुढे अंगातलं चिलखत, लपवलेली शस्त्रं आणि दबा धरून बसवलेलं सैन्यही येतं. बखरकाराला दोन्हींत काही विरोध वाटत नाही. भवानीनं यश दिलं म्हणून कुणी चिलखत उतरवून ठेवलं नाही.

कौल मागायच्या पद्धती मुलखागणिक बदलतात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावून ‘प्रसाद’ घेतात. उजवी पाकळी पडली की होकार. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याची मांडणी पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. मराठवाड्यात दारोदार फिरणारा नंदीबैलवाला ‘पाऊस पडंल का?’ विचारतो आणि बैल मान डोलावतो. भल्या पहाटे पिंगळा यायचा, कुडमुडे जोशी हातातलं कुडमुडं वाजवत यायचे. दुसऱ्याचं भविष्य सांगून पोट भरणाऱ्या या जमातींना स्वतःचं गाव नव्हतं, शिवारात वीतभर जमीन नव्हती.

कझाक कपाळ, चिनी कौल

दैवाची अशी भाषा आपल्याकडेच आहे असं मात्र नाही. मध्य आशियातल्या गवताळ मुलखात वाढलेली कझाक भाषा घ्या. तिथेही नशिबात असलेल्या गोष्टीला ‘मांग्दायगा जाझ्गान’ म्हणतात, म्हणजे कपाळावर लिहिलेलं. माणसाच्या वाट्याला येणाऱ्या रोजीरोटीला शब्द आहे ‘नेसिबे’. आपलं ‘नशीब’ आणि हा ‘नेसिबे’ एकाच अरबी शब्दातून निघाले, ‘वाटा’ असा अर्थ असलेला तो शब्द दोन दिशांना गेला. आपल्याकडे तो फारसीच्या हाताला धरून आला आणि मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत १९४८ पर्यंत उर्दू कारभाराची भाषा असल्यानं किस्मत, तकदीर ही भावंडंही कानावर पडत राहिली. कझाकांचा भविष्य सांगणारा एकेचाळीस दाणे घेतो, त्यांच्या नऊ ढिगल्या मांडतो आणि दाण्यांच्या संख्येवरून हरवलेलं जनावर, परगावी गेलेला माणूस यांची खबर सांगतो. या पद्धतीला ‘कुमालाक’ म्हणतात. तुर्किस्तान शहरातल्या खोजा अहमद यासवीच्या कबरीवर, जिची भव्य इमारत तैमूरनं चौदाव्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतली, आजही लोक मूलबाळ आणि बरकत मागायला जातात.

चीनमध्ये दैव आकाशाशी जोडलेलं आहे आणि राज्यकारभाराशीही. ‘थ्येनमिंग’, म्हणजे आकाशाची आज्ञा, असेल तोवर राजघराणं टिकतं. राजा माजला, पूर-दुष्काळ आले, की ती आज्ञा काढून घेतली गेली असं समजून बंड योग्य ठरतं. दैवाची कल्पना राजाला खाली खेचायलाही वापरता येते, हे तिथल्या इतिहासानं अनेकदा दाखवलं. सामान्य माणसाच्या दैवाचे दोन भाग: ‘मिंग’ ठरलेलं आणि ‘युन’ फिरतं. दैवानं दोन माणसं जुळून येण्याला ‘युआनफेन’ म्हणतात. आपल्या ऋणानुबंधाच्या जवळचीच ही कल्पना. लग्नाच्या गाठी तिथेही वरच बांधल्या जातात. चंद्राखालचा म्हातारा लाल दोऱ्यानं त्या बांधतो.

चिंतामणीची आठवण व्हावी असा प्रकारही तिथे आहे. तैवान आणि दक्षिण चीनच्या देवळांत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात. त्यांची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. एक उताणा एक पालथा पडला तर होकार, दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला, प्रश्न नीट विचार, आणि दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. होकार आणि नकार यांच्या मधली एक जागा तिथेही राखून ठेवलेली आहे. इच्छा पूर्ण झाल्यावर देवळात परतून नवस फेडण्याची रीतही चिनी लोकांत आहे. तीन इतक्या लांबच्या समाजांत जे समान सापडतं ते पाहता, दैव मानणं आणि दैवाशी घासाघीस करणं ही कामं माणसं एकाच हातानं करत आली आहेत.

लेखणी कुणाच्या हाती

हे सगळं गोड मानून थांबता येत नाही, कारण कपाळावरचं सगळंच काही सटवाई लिहीत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. तुळजापूरहून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या लोकांची वसाहत होती. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, शिक्का राहिला. लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली ‘उचल्या’ लिहून तो शिक्का आतून कसा दिसतो ते मराठी वाचकाला दाखवलं. पुढच्या वर्षी पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दैव कुणाच्या सोयीचं, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी विचारला होता. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त दैव आणि आकाशातले ग्रह या विषयांवर स्वतंत्र प्रश्नोत्तरं आहेत. माणसाच्या दारिद्र्याचं कारण आकाशात शोधायला लावणाऱ्यांचा हिशेब ते जमिनीवर मांडतात. डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्मानं या जन्मीची जात ठरते, ही शिकवणच नाकारली आणि १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी त्यांच्यासोबत ती मागे टाकली.

बाईच्या बाबतीत कपाळ हे शब्दशः दैवाची पाटी झालं. कुंकू असेल तर भाग्याची, पुसलं गेलं तर ‘पांढऱ्या कपाळाची’. नवरा गेला त्याचा दोष तिच्या पायगुणाला. बहिणाबाई चौधरींनी ऐन तारुण्यात वैधव्य भोगलं. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेतली बाई दारात आलेल्या ज्योतिष्यालाच परत पाठवते, आपलं दैव आपल्याला कळतं म्हणून. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. कपाळावरचा मजकूर ग्रामसभेच्या इतिवृत्तात बदलल्याचं हे उदाहरण विरळाच.

भिंती आणि ग्रह

धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांना दैवाचा सर्वांत मोठा फटका बसला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. घराघरातून एकच शब्द आला: दैव. कुणी बाहेर ओट्यावर झोपला म्हणून वाचला, कुणी विसर्जनासाठी गावी आला म्हणून गेला. अशा हकिगती या भागात अजूनही सांगितल्या जातात. ज्यांची घरं गेली त्यांच्या तोंडी हा शब्द खोटा नव्हता, कारण एका छपराखालचे दोन भाऊ, एक गेला एक राहिला, याला दुसरा शब्द तरी कोणता?

मात्र भूकंप ६.२ तीव्रतेचा होता आणि एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं दगावण्याचं मोठं कारण घरांत होतं. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. वर्षभर आधीपासून किल्लारी भागात धक्के बसत होते, लोक भीतीनं बाहेर झोपायचे. पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि भूकंपाला टिकणारी घरं कशी बांधायची याचे धडे गवंड्यांना दिले गेले. दैवाच्या खात्यावर टाकलेल्या गोष्टींतल्या किती भिंतीच्या खात्यात जातात, हे तेव्हा कळलं.

ग्रहांच्या खात्याचीही तपासणी झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण निम्म्याहूनही किंचित कमी निघालं, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच झालं असतं. यानं पत्रिका बघणं थांबलं नाही. सोलापूरहून निघणारं दाते पंचांग आणि १९७३ पासून भिंतीवर टांगलेलं कालनिर्णय घराघरात आहेत. चाचणीनं एवढं मात्र झालं की ‘शास्त्र आहे ते’ असं म्हणणाऱ्याला विचारायला एक नेमका प्रश्न मिळाला.

मराठी साहित्यानं हा विषय ज्या गांभीर्यानं घेतला त्याला वेगळा लेख लागेल. जी. ए. कुलकर्णींच्या कथांतली नियती कुणाची बाजू घेत नाही, नवसाला पावत नाही. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी परत केला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’त देवाचं देणंच माणसाला झेपत नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मधला कर्ण १९६७ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना आपला वाटतो, कारण जन्मानं दिलेलं नाव आणि कष्टानं मिळवलेलं नाव यांचं भांडण महाराष्ट्राला घरचंच आहे.

शेतकऱ्याच्या बोलण्यात आज दैवाची जागा हळूहळू सरकते आहे. मृगाचं वाहन बेडूक की गाढव हे पंचांगात अजून पाहिलं जातं, पण त्याच हातानं मोबाइलवर हवामान खात्याचा इशाराही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम-परंडा भागात शेतं खरवडून गेली, तेव्हा ‘नशीब’ म्हणून झाल्यावर लगेच तलाठी, पंचनामा आणि अनुदान हे शब्द आले. एक रुपयात पीक विमा ही योजना खरीप २०२३ मध्ये आली आणि दोन वर्षांत गेली. खरीप २०२५ पासून भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर. आपल्या वावरातलं सोयाबीन पाण्यात कुजलं आणि मंडळातल्या निवडलेल्या प्लॉटांत ते बरं निघालं, तर हाती काही येत नाही. ते प्लॉट कोणते, हे यादृच्छिक पद्धतीनं ठरतं आणि त्याबद्दलची हरकत देवीपुढे नव्हे, सरकारी कार्यालयात नोंदवावी लागते.